व्यवस्थापन परिषदेच्या नव्या सदस्यांसाठी: विद्यापीठाची मालमत्ता, करार आणि शोध यांचे विषय कसे हाताळावेत

व्यवस्थापन परिषदेवर निवड किंवा नामनिर्देशन झाले, की बैठकीच्या थोडे दिवस आधी विषयपत्रिकेचा जाडजूड गठ्ठा घरी येतो. त्यात परीक्षा, नियुक्त्या आणि महाविद्यालयांची संलग्नता यांच्या मधोमध एखादी जमीन भाड्याने देण्याचा, एखाद्या कंपनीशी करार करण्याचा किंवा एखाद्या प्राध्यापकाच्या पेटंटचा विषय चार ओळींच्या टिपणीसह बसलेला असतो. मी अधिसभेतून निवडून येऊन परिषदेवर एक पूर्ण मुदत काम केले आहे. निर्णय योग्य असूनही केवळ क्रम चुकल्यामुळे झालेले नुकसान मी त्या काळात सर्वांत जास्त पाहिले. जे आधी व्हायला हवे होते ते नंतर झाले, आणि मग ते दुरुस्त करण्याची वाट कायद्याने ठेवलेलीच नव्हती. म्हणून पुढील टप्प्यांत कशाच्या आधी काय, यावर भर दिला आहे.

१. परिषदेचे अधिकार कोठून येतात ते आधी पाहा

राज्यातील अकृषी विद्यापीठांचा कारभार महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार चालतो. तो १ मार्च २०१७ पासून अमलात आला. कृषी विद्यापीठांचा आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा कायदा वेगळा आहे, आणि गोवा विद्यापीठात हेच काम १९८४ च्या स्वतंत्र कायद्याखालची कार्यकारी परिषद करते. त्यामुळे आपल्या विद्यापीठाला कोणता अधिनियम लागू आहे याची खात्री करून त्याची प्रत कायम जवळ ठेवा.

अधिनियमाच्या कलम ३ मुळे विद्यापीठ स्वतःच्या नावाने मालमत्ता धारण करू शकते आणि करार करू शकते. कलम ३१ मध्ये परिषदेचे अधिकार दिलेले आहेत: मालमत्तेचे व्यवस्थापन, विद्यापीठाच्या वतीने करार करणे, बदलणे व रद्द करणे, देणग्या व मृत्युपत्रित दाने स्वीकारणे, सामायिक मोहोर कोणाच्या ताब्यात राहील व कशी वापरली जाईल हे ठरवणे. यांतला कोणताही अधिकार एकट्या सदस्याचा नसतो, तो बैठकीत बसलेल्या परिषदेचा असतो. बैठकीबाहेर एखाद्या ठेकेदाराला किंवा देणगीदाराला दिलेला शब्द विद्यापीठाला बांधत नाही, पण गैरसमज मात्र निर्माण करतो, म्हणून असा शब्द देऊ नका.

परिषदेच्या खाली वित्त व लेखा समिती, खरेदी समिती, इमारत व बांधकाम समिती, तसेच नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य मंडळ काम करते. करारावर सही करणे आणि मोहोर सांभाळणे हे कुलसचिवांचे काम आहे, मात्र ते प्राधिकरणांच्या निर्णयाच्या अधीन राहून. कुलसचिवांची सही आणि परिषदेचा ठराव या वेगळ्या गोष्टी असून करार नीट उभा राहण्यासाठी दोन्ही लागतात.

२. टिपणी वाचताना तीन गोष्टी शोधा

पहिली, हा विषय आपल्यापुढे येण्याआधी कोणत्या समितीपुढे जायला हवा होता आणि तो गेला का. दुसरी, परिषदेच्या ठरावानंतर किंवा त्याआधी आणखी कोणाची संमती लागते का. तिसरी, आज निर्णय झाला नाही तर नेमके काय बिघडते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर टिपणीत नसेल, तर विषय पुढच्या बैठकीत पूर्ण कागदपत्रांसह आणावा असे सुचवायला संकोच करू नका.

दोन सापळे येथेच सांगून ठेवतो. एक म्हणजे ‘आयत्या वेळचे विषय’. जमीन, मोठा करार किंवा पेटंटचा परवाना या शीर्षाखाली आला, तर कागद वाचायला वेळ मिळालेला नाही एवढे कारण तो पुढे ढकलण्यास पुरेसे आहे. दुसरा सापळा कलम १२(७) चा. तातडीची परिस्थिती असल्यास कुलगुरू या कलमाखाली स्वतः कार्यवाही करू शकतात, आणि त्यांनी शक्य तितक्या लवकर तिची कारणे संबंधित प्राधिकरणाला लेखी कळवायची असतात. ‘कलम १२(७) अन्वये दिलेल्या मान्यतेची नोंद घेणे’ असा विषय दिसला, तर तातडीची कारणे टिपणीत खरोखर लिहिली आहेत का ते पाहा. वर्षभर आधी माहीत असलेली मुदत संपत आली, ही तातडी नव्हे. ती तातडी होती की नाही याबद्दल परिषदेचे मत वेगळे पडले, तर विषय कुलपतींकडे जातो आणि त्यांचा निर्णय अंतिम असतो. म्हणून मतभेद असेल तर तो बैठकीतच नोंदवा.

३. जमीन आणि इमारती

विद्यापीठाची जमीन साधारणपणे तीन वाटांनी आलेली असते: शासनाने दिलेली, संपादन किंवा खरेदी केलेली आणि दानात मिळालेली. कोणत्याही प्रस्तावावर बोलण्याआधी ती कोणत्या वाटेने आली हे विचारा, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते. त्यासाठी टिपणीला पुढील कागद जोडलेले असावेत:

- चालू सातबारा उतारा, आणि नगर भूमापन हद्दीत असल्यास मालमत्ता पत्रक
- संबंधित फेरफार नोंदी
- भूमी अभिलेख विभागाचा मोजणी नकाशा
- मूळ प्रदान आदेश, खरेदीखत किंवा बक्षीसपत्र
- विकास आराखड्यातील आरक्षणाचा दाखला
- जमिनीबाबत चालू असलेल्या दाव्यांची यादी

सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असेल, तर ती जमीन हस्तांतरित करण्यावर किंवा तिचा वापर बदलण्यावर बंधने आहेत आणि सक्षम महसूल अधिकाऱ्याची परवानगी लागते. ‘इतर हक्क’ या रकान्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, पण वहिवाटीचे हक्क, बोजे आणि न्यायालयाचे मनाई हुकूम तेथेच नोंदलेले असतात. धारकाचे नावही तपासा. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ मध्ये, तर पुणे विद्यापीठाचा २०१४ मध्ये झाला. नाव बदलल्यावर प्रत्येक गटाच्या उताऱ्यावर ते बदलून घ्यावे लागते, आणि हे राहून गेले की मोजणी, बांधकाम परवानगी किंवा दावा यांपैकी कुठे तरी अडकायला होते.

आता महत्त्वाचे. विद्यापीठाची मालमत्ता भाडेपट्ट्याने देणे, विकणे किंवा अन्यथा हस्तांतरित करणे यासाठी राज्य शासनाची पूर्वसंमती लागते, असे कलम ३ चे परंतुक सांगते. आधी ठराव, मग ताबा आणि सवडीने शासनाला पत्र असा क्रम मला एकाहून अधिक ठिकाणी दिसला आहे. पूर्वसंमती नसताना ताबा गेला, की समोरचा पक्ष बांधकाम करतो, गुंतवणूक दाखवतो, आणि मग विद्यापीठालाच न्यायालयात आपल्या ठरावाच्या विरुद्ध उभे राहावे लागते. ठरावात ‘शासनाची पूर्वसंमती प्राप्त झाल्यानंतरच करार करण्यात यावा व त्यानंतरच ताबा देण्यात यावा’ हे वाक्य घालून घ्या.

बँकेची शाखा, उपाहारगृह, झेरॉक्सचे दुकान, मोबाइलचा मनोरा हे विषय लहान वाटतात, पण चटके बहुधा त्यांचेच बसतात. कागदावर ‘परवाना’ असे शीर्षक घातले, तरी जागेचा पूर्ण स्वतंत्र ताबा दिलेला असेल तर न्यायालय त्याला भाडेपट्टाच मानू शकते, कारण शीर्षकापेक्षा व्यवहाराचे स्वरूप महत्त्वाचे ठरते. अकरा महिन्यांचा करार वर्षानुवर्षे तसाच पुढे ढकलण्याची सवय दिसली, तर ती तेथेच थांबवा. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, आणि दस्त निष्पादित झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी सादर करावा लागतो.

अतिक्रमणाबद्दल दरवर्षी एकदा अहवाल मागा. खासगी मालकाच्या जमिनीवर बारा वर्षे उघड व विरोधी ताबा राहिला, तर मालकाचा दावा मुदतबाह्य होऊ शकतो. शासकीय जमिनीसाठीची तीस वर्षांची मुदत विद्यापीठाच्या स्वतःच्या मालकीच्या जमिनीलाही लागू होईल असे धरून चालू नका. मोजणीचा खर्च दाव्याच्या खर्चापुढे नगण्य आहे.

जुन्या वास्तूंना आणखी एक पदर असतो. मुंबई विद्यापीठाचा फोर्ट परिसर २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील समूहाचा भाग आहे. तेथे खिडकी बदलण्याच्या निविदेआधीसुद्धा वारसा समितीची भूमिका समजून घ्यावी लागते.

४. देणग्या आणि मृत्युपत्रे

विद्यापीठे देणग्यांवर उभी राहिली आहेत, हे आपण सदस्य म्हणून कधीही विसरू नये. राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून उभा राहिला. नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रातील दानातून १९४२ मध्ये सुरू झाली. देणाऱ्याचा हेतू पिढ्यान्‌पिढ्या पाळणे हे परिषदेचे काम आहे, म्हणून स्वीकारण्याआधीच अटी नीट वाचाव्या लागतात.

स्थावर मालमत्तेचे दान नोंदणीकृत दस्तानेच होते आणि त्यावर किमान दोन साक्षीदार लागतात. त्याहून महत्त्वाची अट अशी, की दान देणाऱ्याच्या हयातीतच त्याचा स्वीकार व्हावा लागतो. वृद्ध देणगीदाराचे पत्र समित्यांमधून फिरत राहिले आणि स्वीकाराचा ठराव होण्याआधी ती व्यक्ती गेली, तर दान अपुरे राहते व वारसांच्या सौजन्यावर अवलंबून राहावे लागते. अशा विषयात मात्र घाई करणेच योग्य. मृत्युपत्राने येणाऱ्या मालमत्तेत व्यवस्थापकाचे नाव, अन्य वारसांचे हक्क आणि मालमत्तेवरील कर्ज यांची माहिती घेतल्याशिवाय स्वीकार करू नका.

पदकासाठी किंवा व्याख्यानमालेसाठी मिळालेल्या निधीवरील व्याज कालांतराने अपुरे पडते. तेव्हा उपक्रमाचे स्वरूप बदलण्याची मुभा देणगीपत्रातच असावी, एवढे देणगीदाराला सुरुवातीलाच मोकळेपणाने सांगावे. लोक ते समजून घेतात.

५. खरेदी, बांधकाम आणि सेवांचे करार

खरेदीचा रस्ता बऱ्यापैकी आखलेला आहे: विभागाची मागणी, अंदाजपत्रकातील तरतूद, वित्त व लेखा अधिकाऱ्यांचा अभिप्राय, जेम (शासनाचे ऑनलाइन खरेदी संकेतस्थळ) किंवा ई-निविदा, तांत्रिक लिफाफा, आर्थिक लिफाफा, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीची शिफारस आणि पुरवठा आदेश. परिषदेपुढे विषय येतो तोवर दर ठरलेला असतो, त्यामुळे दरावर वाद घालण्यापेक्षा तांत्रिक अटी कशा लिहिल्या होत्या ते पाहा. एकाच उत्पादकाला बसतील अशी मापे अटींत घातलेली असतील, किंवा मर्यादेखाली राहावे म्हणून एकाच मागणीचे तुकडे पाडलेले असतील, तर तुलनात्मक तक्ता कितीही नीटनेटका असला तरी त्याला अर्थ राहत नाही. वस्तू आल्यावर तिची डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद होते का आणि जुन्या वस्तूंचे निर्लेखन रीतसर होते का, हेही अधूनमधून विचारत राहा.

सेवांचे करार, विशेषतः परीक्षा आणि संगणक प्रणालींचे, अधिक बारकाईने वाचावे लागतात. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिकांची तपासणी संगणकावर नेण्यात आली, निकाल कित्येक महिने रखडले आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. हजारो विद्यार्थ्यांचे पुढचे प्रवेश त्या काळात टांगणीला लागले होते. अशा कराराच्या मसुद्यात पुढील मुद्द्यांची उत्तरे सापडलीच पाहिजेत. प्रत्यक्ष वापराआधी चाचणी कोण व किती प्रमाणात घेणार? विलंब झाल्यास दंड कसा मोजणार? करार संपल्यावर विद्यार्थ्यांची माहिती कोणत्या स्वरूपात व किती दिवसांत परत मिळणार आणि ठेकेदाराकडील प्रती नष्ट झाल्याचे कोण प्रमाणित करणार? माहिती परत घेण्याचे कलम नसेल, तर पुढच्या निविदेत जुन्याच ठेकेदाराला निवडण्यावाचून पर्याय उरत नाही.

बयाणा रक्कम, सुरक्षा ठेव आणि बँक हमी यांच्या मुदती करारापेक्षा थोड्या पुढे जाणाऱ्या असाव्यात. बँक हमीची मुदत संपल्याचे दोष उघड झाल्यावर लक्षात येणे, हा प्रकार बांधकामांत नेहमीचा आहे. मुदतवाढीच्या प्रत्येक प्रस्तावासोबत हमी वाढवल्याचे बँकेचे पत्र मागा.

आपले, आपल्या नातेवाइकांचे किंवा आपल्या संस्थेचे हितसंबंध एखाद्या विषयात असतील, तर ते सांगून सभागृहाबाहेर जा आणि तसे इतिवृत्तात नोंदवून घ्या. नुसते गप्प बसणे पुरेसे नाही.

सामंजस्य करारांचे ढीग येतात. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात, पण संशोधनाच्या फळावर कोणाचा हक्क राहील याविषयी एखादे कलम आत असेल तर तो साधा सामंजस्य करार राहत नाही. तो पुढच्या टप्प्याच्या नियमांनीच वाचावा.

६. शोध आणि पेटंट

हा भाग बहुतेक सदस्यांना अनोळखी असतो, आणि येथे क्रमाला सर्वाधिक किंमत आहे.

मालकी आपोआप येत नाही. कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, नियोक्ता असतो, असे प्रताधिकार कायदा सांगतो. पेटंट कायदा, १९७० मध्ये तशी तरतूद नाही. अर्ज करण्याचा हक्क खऱ्या व पहिल्या शोधकर्त्याचा किंवा त्याने ज्याला हक्क सोपवला त्याचा असतो. त्यामुळे विद्यापीठाच्या नावाने अर्ज करायचा असेल, तर प्रत्येक शोधकर्त्याकडून लेखी हक्कसोडपत्र हवे. संशोधक विद्यार्थी तर विद्यापीठाचा नोकरही नसतो. शिक्षण घेऊन तो परदेशी गेला, की सही मिळवणे महिन्यांचे काम होऊन बसते. ही सही शोधाची माहिती विद्यापीठाला कळवण्याच्या अर्जासोबतच घ्यावी, असा नियम परिषदेने करून ठेवावा.

आधी अर्ज, मग प्रसिद्धी. शोध लोकांपुढे आला की त्याचे नावीन्य संपते. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासारख्या मोजक्या बाबतींत कायदा बारा महिन्यांची सवलत देतो, पण तिच्यावर विसंबून राहू नये, कारण इतर अनेक देशांत ती चालत नाही. आपल्याकडचा नेहमीचा प्रसंग असा: प्रबंध सादर होतो, खुली मौखिक परीक्षा होते, प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन भांडारात चढतो, आणि त्यानंतर मार्गदर्शक पेटंटचा प्रस्ताव घेऊन येतात. तोवर उशीर झालेला असतो. प्रबंध सादर करण्याच्या अर्जावरच ‘यातील कोणता भाग पेटंटयोग्य आहे का’ असा रकाना ठेवला, तर ही गोष्ट वेळेत कळते. पूर्ण तपशील तयार नसेल तर तात्पुरते विनिर्देश (शोधाचे लेखी वर्णन) दाखल करून तारीख मिळवता येते, मात्र पूर्ण विनिर्देश बारा महिन्यांत द्यावे लागतात, अन्यथा अर्ज सोडून दिला असे मानले जाते.

परिषदेच्या बैठकीची वाट पाहत अर्ज रखडू नये, म्हणून भारतात अर्ज दाखल करण्याचा अधिकार नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य संचालकांकडे अगोदरच सोपवून ठेवावा आणि परिषदेपुढे केवळ त्याचा अहवाल यावा, असे माझे ठाम मत आहे. परदेशातील अर्ज आणि परवाने हे महागडे व दूरगामी निर्णय असल्यामुळे ते मात्र परिषदेनेच घ्यावेत. भारतात राहणाऱ्या शोधकर्त्याने, येथे अर्ज केल्यापासून सहा आठवडे उलटलेले नसतील आणि लेखी परवानगीही घेतलेली नसेल, तर परदेशात अर्ज करू नये, हेही ध्यानात असू द्या.

दाखल करताना लागणारे कागद असे: नमुना १ मधील अर्ज, नमुना २ मधील विनिर्देश, परदेशी अर्जांबाबतचे नमुना ३ मधील निवेदन, शोधकर्तेपणाची नमुना ५ मधील घोषणा, वकील किंवा एजंट नेमल्यास नमुना २६, आणि हक्कसोडपत्र. महाराष्ट्र व गोव्यातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात. २०२१ च्या नियमदुरुस्तीनंतर शैक्षणिक संस्थांना शासकीय शुल्कात ८० टक्के सवलत मिळते. टिपणीत पूर्ण शुल्क दाखवलेले दिसले तर विचारा. परीक्षणाची विनंती स्वतंत्रपणे करावी लागते. ती वेळेत केली नाही तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते.

वनस्पती, सूक्ष्मजीव किंवा अन्य जैविक साधनांवर आधारित शोध असेल, तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी संबंधित पूर्तता आधी तपासा. पारंपरिक ज्ञानाला पेटंट मिळत नाही. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले. ते पेटंटही एका विद्यापीठाच्याच नावावर होते.

उद्योगाने पैसा दिलेल्या प्रकल्पात ‘संयुक्त मालकी’ हा शब्द फार गोड वाटतो. पण वेगळा करार नसेल तर सहमालकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना देता येत नाही किंवा आपला हिस्सा विकता येत नाही, आणि स्वतः उत्पादन मात्र प्रत्येकाला करता येते. कारखाना उद्योगाकडे आहे, विद्यापीठाकडे नाही. म्हणून संयुक्त मालकी स्वीकारायची असेल, तर स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) वाटा, अध्यापन व संशोधनासाठी वापरण्याचा राखीव हक्क आणि ठरावीक काळात उत्पादन सुरू न झाल्यास परवाना परत घेण्याची तरतूद, हे सर्व प्रकल्प सुरू होण्याआधीच लिहून घ्या. स्वामित्वधनातील शोधकर्त्यांचा हिस्सा विद्यापीठाच्या धोरणात ठरलेला असावा. प्रत्येक वेळी घासाघीस करावी लागणे संशोधकाला अपमानास्पद वाटते, आणि ते योग्यच आहे.

पेटंट अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे टिकते, पण तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी नूतनीकरण शुल्क भरावे लागते. ते चुकले तर पेटंट लयाला जाते, आणि पुनर्स्थापनेसाठी अठरा महिन्यांच्या आतच अर्ज करता येतो. कोणती पेटंटे चालू ठेवायची व कोणती सोडायची याची यादी वर्षातून एकदा परिषदेपुढे येऊ द्या.

७. ठराव आणि इतिवृत्त

‘सदर प्रस्तावास तत्त्वतः मान्यता देण्यात आली’ या वाक्याने जेवढा गोंधळ होतो तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. कार्यालय ती मान्यता धरून पुढे जाते, आणि सदस्यांना वाटते की विषय परत येणार आहे. त्याऐवजी ठराव असा असावा: ‘गट क्रमांक अमुक येथील तमुक चौरस मीटर जागा, परिशिष्टातील मसुद्याप्रमाणे, शासनाची पूर्वसंमती मिळाल्यानंतर, अमुक मुदतीसाठी भाडेपट्ट्याने देण्यास मान्यता देण्यात येत आहे. कुलसचिवांनी करार करावा. अनुपालन अहवाल पुढील बैठकीत सादर करावा.’ कोणती मालमत्ता, कोणता मसुदा, कोणती पूर्वअट, कोणी व कधीपर्यंत, एवढे त्यात आले की पुरे.

इतिवृत्ताचा मसुदा आला की त्याच दिवशी वाचा. आपण मांडलेली भिन्न मतपत्रिका किंवा अट त्यात नसेल, तर कुलसचिवांना लेखी कळवून पोच घ्या आणि पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम होण्याआधी ती दुरुस्ती मांडा. अनुपालन अहवालात ‘कार्यवाही सुरू आहे’ असा शेरा सलग दुसऱ्यांदा दिसला, तर त्या विषयाची मूळ नस्ती बैठकीत मागवा.